दिसला का?

रत्नागिरीत राहून धूमकेतू पाहण्याचा नाद लावून घेणं म्हणजे ऐन आंब्याच्या दिवसांत मधुमेह होण्यासारखं आहे. समोर सगळं मांडलेलं असतं, फक्त आपल्या वाट्याला येत नाही. आमच्या गावाला देवाने पश्चिमेकडे अख्खा समुद्र दिला. मुंबईच्या माणसाला क्षितिज बघायचं तर आधी गाडी पकडावी लागते. आमच्याकडे मांडवीला, भाट्याला, थिबा पॉइंटला ते फुकट आणि सलग मिळतं. पण ज्या देवाने क्षितिज दिलं त्यानेच जूनपासून चार महिने त्याच्यावर पडदा टाकून ठेवला. पडदा जरा वर जातो न जातो तोच परतीचा पाऊस. तो संपला की दिवाळी, आणि दिवाळीनंतर अधूनमधून मळभ. मळभ आंब्याच्या मोहोराला जितकं वाईट तितकंच धूमकेतूलाही. बागायतदार निदान फवारणी तरी करतो. मी काय फवारू?

मी बँकेत कारकून आहे. अलीकडे आमच्या पदाला लांबलचक इंग्रजी नाव मिळालं आहे, पण खिडकीपलीकडचा माणूस अजून "ओ क्लार्क" अशीच हाक मारतो आणि मीही त्यालाच ओ देतो. शिक्षण बी.कॉम. खगोलशास्त्राशी माझा संबंध एवढाच की दोन्हीकडे आकड्यांपुढे शून्यं फार, आणि दोन्हीकडे ती आपली नसतात.

तरीसुद्धा धूमकेतू म्हणजे काय, हे मी स्वतःला बँकेच्या भाषेत नीट समजावून घेतलं आहे. सूर्यमालेच्या पार बाहेर बर्फ, धूळ आणि गोठलेले वायू यांचे गोळे युगानुयुगं पडून असतात. ही झाली व्यवहार नसलेली खाती. त्यातल्या एखाद्याला कधीतरी धक्का लागतो आणि तो सूर्याच्या दिशेने निघतो. जवळ आला की ऊब लागून बर्फाची वाफ होते, धूळ उधळते आणि कालपर्यंत ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याला लाखो मैलांची शेपटी फुटते. काही धूमकेतू ठरावीक वर्षांनी परत येतात, ही मुदत ठेव. हॅलेचा धूमकेतू पंचाहत्तर-शहात्तर वर्षांनी न चुकता येतो. काही हजारो वर्षांनी येतात, ही थकबाकी. आणि काही एकदा तोंड दाखवून जातात ते कायमचे. हे बुडीत कर्ज. त्यांचा जामीनदारही सापडत नाही.

शेपटीचीही एक गंमत आहे. ती धूमकेतूच्या मागे असते असं आपण समजतो, ते खरं नाही. ती नेहमी सूर्याच्या उलट दिशेला असते. त्यामुळे सूर्याकडे येताना ती मागे असते आणि सूर्यापासून परत जाताना चक्क पुढे. लोकांना हे चमत्कारिक वाटतं. मला नाही वाटलं. रजेचा अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलेला कारकून बाहेर पडताना पाठ दाराकडे आणि तोंड साहेबांकडे ठेवूनच निघतो. तेज मोठं असलं की सगळ्यांना असंच चालावं लागतं.

हे मी आमच्या हेड कॅशियरना सांगितलं. त्यांनी नोटा मोजण्याचं मशीन बंद न करता विचारलं, "पण दिसतो किती वेळ?"

"संध्याकाळी अर्धा-पाऊण तास. ढग नसतील तर."

"आणि दिसल्यावर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

वास्तविक आमचा जिल्हा आकाशाच्या बाबतीत काही मागासलेला नाही. "भारतीय ज्योतिषशास्त्र" हा १८९६ सालचा मोठा ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. मृग नक्षत्रावरून वेदांचा काळ काढणारे लोकमान्य इथल्याच टिळक आळीत जन्मले. दीक्षितांनी आकाशावर एक सोपं पुस्तकही लिहिलं, "ज्योतिर्विलास". त्याचं दुसरं नाव "रात्रीची दोन घटका मौज". दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. मला त्या मौजेला अडतीस वर्षं लागली. अर्थात यात दीक्षितांचा दोष नाही.

दोष असलाच तर आमच्या अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील. नोकरी एस.टी.त. कंडक्टर म्हणून लागले आणि वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. रत्नागिरी स्टँडवर खिडकीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे माइकवरून सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं. घरातही ते त्याच आवाजात बोलत. आई पानं घेऊन वाट बघत असली तर न्हाणीघरातून आवाज यायचा, "येतोय, पाच मिनिटं लेट."

१९६५ साली, दिवाळी होऊन गेल्यावर, ते एकवीस वर्षांचे नवे कंडक्टर होते आणि पहाटेच्या गाडीवर कोल्हापूरकडे चालले होते. आंबा घाट चढून गाडी वर आली आणि ड्रायव्हरने एकदम थांबवली. पंक्चर झालं असं समजून अण्णा खाली उतरले. समोर पूर्वेला आकाशात झाडू उभा होता. त्यांचा शब्द हाच, झाडू. अंगणात कडेला उभा करून ठेवतात तसा, पांढरा, लांबच लांब. गाडीतले सगळे उतारू खाली उतरले. कुणी हात जोडले, कुणी विडी पेटवायची विसरलं. एक म्हातारी म्हणाली, "शेंडेनक्षत्र गो बाय." दहा मिनिटं कुणी बोललं नाही. गाडी दहा मिनिटं लेट झाली, आणि अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या नोकरीतला लेट होण्याचा तो एकमेव समर्थनीय प्रसंग.

तो इकेया-सेकी नावाचा धूमकेतू होता. दोन हौशी जपान्यांनी वेगवेगळा शोधला. त्यातला इकेया पियानोच्या कारखान्यातला कामगार. ही माहिती अण्णांनी पुढे मिळवली आणि आयुष्यभर आम्हाला ऐकवली. "कामगार होता. कारखान्यातून घरी यायचा आणि स्वतः घासून केलेल्या दुर्बिणीला डोळा लावायचा. तू घरी येतोस आणि काय करतोस?"

तर अण्णांच्या मनाने घेतलं की जे आपण आंबा घाटात पाहिलं ते पोरालाही दाखवायचं. आणि १९८६ साली हॅले येणार होता.

हॅलेवर अण्णांची श्रद्धा होती, धूमकेतूवरही आणि माणसावरही. वराहमिहिराने बृहत्संहितेत केतूंसाठी अख्खा अध्याय दिला आहे, पण केतू कधी उगवेल आणि कधी मावळेल हे गणिताने कळत नाही, असं सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे. म्हणजे गाडी आहे, पण वेळापत्रक नाही. हॅलेने १७०५ साली सांगितलं की १५३१, १६०७ आणि १६८२ सालचे धूमकेतू तीन नव्हेत, एकच आहे, आणि तो १७५८ च्या सुमारास परत येईल. हॅले १७४२ साली वारला. १७५८ च्या नाताळात धूमकेतू दिसला. "बघ," अण्णा म्हणायचे, "कंट्रोलर गेला, खिडकी बंद झाली, फलाटावर कुणी नाही, तरी गाडी आली. वेळापत्रक याला म्हणतात."

त्याच्या आदल्या फेरीची, म्हणजे १९१० ची गोष्ट अण्णांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेली. पृथ्वी हॅलेच्या शेपटीतून जाणार आणि विषारी वायूने सगळे मरणार, अशी जगभर आवई उठली होती. अमेरिकेत तर धूमकेतूवर उतारा म्हणून गोळ्या विकल्या गेल्या. धूमकेतू दिसला की राजाचं राज्य जातं, ही आपल्याकडची जुनी समजूत. रत्नागिरीत तेव्हा ब्रह्मदेशचा थिबा राजा नजरकैदेत होता. त्याचं राज्य १८८५ सालीच गेलेलं. त्या वर्षी धूमकेतूकडे निर्धास्तपणे पाहू शकेल असा हिंदुस्थानात तो एकटाच राजा असावा.

असो. १९८६ च्या मार्चमध्ये एका पहाटे चार वाजता अण्णांनी मला उठवलं. मी सात वर्षांचा होतो. डोक्याला मफलर, पायात त्यांचेच मोजे. सायकलच्या दांड्यावर बसवून त्यांनी मला सड्यावर नेलं. आमच्याकडे जांभ्या दगडाचं उघडं माळरान असतं त्याला सडा म्हणतात. आता तिथे बंगले झाले आहेत. तेव्हा झाड नाही, दिवा नाही, फक्त वारा. अण्णांनी आग्नेयेला बोट केलं. "तो बघ. त्या दोन ताऱ्यांच्या मध्ये. जरा खाली. दिसला?"

मी पाहिलं. तारे होते, पुष्कळ होते. सगळे सारखेच थंड होते. शेपटी कुणालाच नव्हती. मला झोप येत होती, मोजे घसरत होते आणि अण्णांचं बोट अजून तसंच वर होतं. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज स्टँडवरचा नव्हता. कुठल्या तरी फलाटावर आपल्या माणसाची वाट बघणाऱ्याचा आवाज होता.

"दिसला?"

"दिसला," मी म्हणालो.

"शेपटी दिसली?"

"हो. लांब आहे."

अण्णांनी बोट खाली घेतलं. परत येताना ते सायकलवर गाणं म्हणत होते. त्यापूर्वी आणि त्यानंतर मी त्यांना गाताना ऐकलेलं नाही.

पुढे वाचनात आलं की १९८६ ची ती हॅलेची फेरी गेल्या दोन हजार वर्षांतली सगळ्यात फिकी होती. तो सूर्याच्या सगळ्यात जवळ होता तेव्हा आपण नेमके सूर्याच्या पलीकडच्या अंगाला होतो. मोठमोठ्या दुर्बिणीवाल्यांनी हात टेकले होते. आणि मी मात्र नुसत्या डोळ्यांनी, झोपेत, लांब शेपटी पाहून आलो होतो. शाळेत मी तिची लांबी हातांनी दाखवायचो. चौथीपर्यंत ती बरीच वाढली.

या एका "दिसला"ची किंमत मला पुढे व्याजासकट द्यावी लागली. १९९७ साली हेल-बॉप आला. हा खरा मोठा धूमकेतू. दीड वर्ष नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. यातल्या बॉपकडे स्वतःची दुर्बीणही नव्हती, त्याने मित्राच्या दुर्बिणीतून शोधला. मार्च संपता संपता तो रोज संध्याकाळी वायव्येला ठळक दिसायचा. माझी बारावी नुकतीच आटपली होती. ३१ मार्चच्या संध्याकाळी अण्णा अंगणातून हाका मारत होते, "अरे ये, अरे एकदा तरी ये!" मी टीव्हीसमोर होतो. बार्बाडोसला भारताला जिंकायला एकशेवीस धावा हव्या होत्या. फक्त एकशेवीस. मी आतूनच ओरडलो, "मी लहानपणी पाहिलाय की! एक बघितला की सगळे बघितले!"

अण्णा पुन्हा हाक मारायला आले नाहीत. भारत सर्वबाद एक्याऐंशी. क्रिकेट पुन्हा हरायला उपलब्ध होतं. हेल-बॉप साधारण अडीच हजार वर्षांनी येईल. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने गुंतवणुकीचा इतका वाईट निर्णय क्वचितच घेतला असेल.

मला नाद लागला तो त्यानंतर, म्हणजे वेळ निघून गेल्यावर. आमच्या घराण्यात सगळं असंच. २०१३ साली आयसॉन येणार म्हणून गाजावाजा झाला. शतकातला धूमकेतू! मी टेरेसच्या टाकीवर चढायची शिडी दुरुस्त करून घेतली. २८ नोव्हेंबरला आयसॉन सूर्याजवळून गेला आणि विरघळला. शिडी अजून आहे. २०२० च्या जुलैत निओवाईज आला. सगळं जग घरात बसून होतं, बघायला वेळच वेळ. उत्तरेकडच्या लोकांनी फोटो काढले. रत्नागिरीत जुलै महिन्यात समोरच्याच्या ओसरीवरचा माणूस दिसत नाही. मी पंधरा दिवस खिडकीशी बसून पागोळ्या पाहिल्या. धूमकेतूही शेवटी बर्फाचं पाणीच, असं म्हणून मनाची समजूत घातली.

आणि मग २०२४. त्सुचिनशान-अ‍ॅटलास. नाव उच्चारताना कवळी सांभाळावी लागते, असं अण्णांचं मत. चीनमधली एक वेधशाळा आणि दक्षिण आफ्रिकेतली एक दुर्बीण यांची नावं जोडून ते झालेलं. म्हणजे जॉइंट खातं. आपल्या वेणू बाप्पूंनी हार्वर्डला शिकत असताना १९४९ साली एक धूमकेतू शोधला, त्यावरही बाप्पू-बॉक-न्यूकर्क अशी तीन नावं आहेत. या धंद्यात एकट्याच्या नावावर फारसं राहत नाही. हा नवा धूमकेतू ऐंशी हजार वर्षांनी आला आहे, असं वर्तमानपत्रांत छापून आलं. अण्णा ऐंशी वर्षांचे. ते म्हणाले, "तो माझ्याहून तीन शून्यांनी मोठा. त्याला भेटायला आपणच गेलं पाहिजे."

मी सणाची उचल काढून सात हजारांची दुर्बीण घेतली. दोन डोळ्यांची. सौ.ला मिक्सर हवा होता. मी तिला बॉपची गोष्ट सांगितली, सामान्य माणसाने कसा धूमकेतू शोधला म्हणून. ती म्हणाली, "त्याने मित्राच्या दुर्बिणीतून शोधला ना?" शिकलेल्या बायकोला गोष्ट सांगताना ती आधी स्वतःशी तपासून घ्यावी.

१२ ऑक्टोबरला तो पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येणार होता. त्या दिवशी दसरा. दसरा दुसऱ्या शनिवारी आलेला, म्हणजे बँकवाल्यांची एक सुट्टी बुडाली. धूमकेतू अशुभ असतात असं मी मानत नाही, पण हा योगायोग आमच्या युनियनलाही खटकला. आई म्हणाली, "अशुभ कसला? बाप्पाच्या बारा नावांत धूम्रकेतू आहेच की." हे खरंच आहे. गणपतीपुळ्याच्या पंचवीस किलोमीटरांवर राहून घाबरायचं कशाला?

१३ तारखेला, रविवारी, थिबा पॉइंटला गेलो. पश्चिमेला ढगांचा गडगा घातलेला. वर थोडी फट होती, तिच्यात एक तेजस्वी ठिपका चमकला. मी दुर्बीण लावली, "दिसला!" म्हणून ओरडलो आणि आजूबाजूच्या दहा-बारा माणसांना उदार मनाने एकेक मिनिट दुर्बीण दिली. सगळे धन्य झाले. शेवटी एका कॉलेजच्या पोराने मोबाइल आकाशाकडे धरला आणि हळूच म्हणाला, "काका, तो शुक्र आहे." मी दुर्बीण पिशवीत घातली. धन्य झालेल्यांपैकी काही जण अजून रस्त्यात भेटले की माझे आभार मानतात.

१४ ला बँकेत पाचशे रुपये कमी भरले. ते सापडेपर्यंत साडेसात झाले. (ते शेवटी माझ्याच खिडकीत सापडले.) मांडवीला धावत पोचलो तेव्हा सव्वाआठ. समुद्र काळा, आकाश काळं. वाळूत एक खारवी जाळं नीट करत बसला होता. मला दुर्बीण फिरवताना पाहून म्हणाला, "काय बगताव सायेब?"

"धूमकेतू."

"तो शेपटीवाला? आत्ताच बुडाला की. दोन दिस बगतोय आमी होडीतनं."

"नुसत्या डोळ्यांनी?"

त्याने माझ्या सात हजारांच्या दुर्बिणीकडे पाहिलं. "दुसरे डोळे खय आनू?" असं काही तो बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ते होतं. ज्या माणसाला त्या धूमकेतूचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं त्याने तो जाळं ओढता ओढता पाहिला होता. मी नाव, गाव, जन्मतारीख, सगळं केवायसी पुरं करून कोरडा उभा होतो.

१५ ला विजा आणि पाऊस.

१६ ला कोजागरी. म्हणजे आकाशात पूर्ण चंद्र. धूमकेतू पाहणाऱ्याला चंद्र म्हणजे अंधाऱ्या खोलीत कुणीतरी ट्यूबलाइट लावल्यासारखा. शिवाय तो दिवसेंदिवस फिका होत चालला होता. मी नाद सोडला होता. पण संध्याकाळी घरी आलो तर अण्णा शर्ट-पँट घालून, काठी घेऊन, ओटीवर तयार. आमची कन्या त्यांच्या शेजारी, मसाला दुधाचा थर्मास घेऊन. ती बारा वर्षांची. तिला धूमकेतूपेक्षा दुधात जास्त रस होता.

"गाडी किती वाजता?" अण्णांनी विचारलं.

"सात ते साडेसात. पण अण्णा, चंद्र आहे, ढग आहेत..."

"म्हणजे रद्द झालेली नाही ना? मग फलाटावर जाऊन उभं राहायचं."

रिक्षा करून भाट्याला गेलो. किनाऱ्यावर कोजागरीची गर्दी. सतरंज्या, भेळ, गाणी. सुरूच्या बनामागून चंद्र वर आला होता आणि सगळी रत्नागिरी पूर्वेकडे तोंड करून त्याचं कौतुक करत होती. आम्ही तिघंच काय ते चंद्राकडे पाठ करून पश्चिमेकडे पाहत उभे. एक ओळखीचे गृहस्थ जवळ येऊन काळजीने म्हणाले, "चंद्र तिकडे आहे हो."

सात वाजून गेले. ढग होते, पण विरलेले. डावीकडे खाली शुक्र. आता मी त्याला चांगला ओळखत होतो. उजवीकडे स्वाती. या दोघांच्या मध्ये, जरा वर, असं मी पाठ केलं होतं. मी दुर्बीण फिरवत राहिलो. हात थरथरत होते, तारे उड्या मारत होते. कंटाळून कन्येच्या हातात दिली. तिने एकदा डावीकडून उजवीकडे फिरवली, थांबली.

"बाबा, ते पुसलेलं काय आहे?"

"पुसलेलं?"

"पाटीवर खडूचा ठिपका काढला आणि बोटाने पुसला तर होतं ना, तसं."

मी दुर्बीण जवळजवळ हिसकावून घेतली. तिने सांगितलं तिथे लावली. आणि तो होता. झाडू नव्हे, शेंडी नव्हे. एक धूसर ठिपका आणि त्याच्यापासून वरच्या अंगाला गेलेला फिका, अगदी फिका फराटा. दुर्बीण काढली की काही नाही. लावली की आहे. मी सेहेचाळिसाव्या वर्षात होतो. अडतीस वर्षांपूर्वी मी ज्याची पावती फाडली होती ती रक्कम आज खात्यात जमा होत होती. घसा दाटला. मग पटकन भान आलं आणि मी दुर्बीण अण्णांना दिली.

अण्णांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. हात कापतो. मी मागे उभा राहून त्यांची कोपरं धरली आणि कानाशी सांगत राहिलो, "शुक्र सापडला? आता उजवीकडे. आता थोडं वर. आणखी थोडं. दिसला?"

ते काही बोलले नाहीत. ढगाचा एक तुकडा तिकडे सरकत होता. दुर्बीण कुठे रोखली आहे ते मला मागून नीट कळत होतं. ती जरा जास्तच वर होती.

"दिसला का अण्णा?"

"दिसला," अण्णा म्हणाले.

"शेपटी?"

"हो तर. लांब आहे."

मी काही बोललो नाही. तो "दिसला" माझ्या ओळखीचा होता. हस्ताक्षर माझंच होतं.

दूध प्यायलो. परतताना रिक्षात अण्णा बराच वेळ गप्प होते. पुलावर आल्यावर एकदम म्हणाले, "तुला सड्यावर हॅले दाखवला होता, आठवतं?"

"आठवतं."

"तो मला दिसला नव्हता. पेपरात दिशा दिली होती, तिकडे बोट केलं. पण तू म्हणालास दिसला, तेव्हा म्हटलं, पोराची नजर चांगली, त्याला दिसला तर बस झालं."

अडतीस वर्षं हा माणूस मला दिसलेल्या धूमकेतूवर समाधानी होता, आणि अडतीस वर्षं मी त्याला दिसलेल्या धूमकेतूबद्दल खोटं बोललो म्हणून मनात कुढत होतो. दोन्ही बाजूंनी सही झालेली, साक्षीदारांसह पक्की कागदपत्रं, आणि मूळ रक्कम मुळात कुणीच दिलेली नाही!

"अण्णा," मी म्हणालो, "मलाही दिसला नव्हता."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते हसायला लागले. ऐंशीचा माणूस हसला की खोकला येतो. ते खोकेपर्यंत हसले. रिक्षावाल्याने काळजीने आरशातून पाहिलं. कन्या मधे बसली होती. तिने विचारलं, "पण आजोबा, आज तुम्हाला खरंच दिसला ना?"

अण्णांनी स्टँडवरचा आवाज काढला. "गाडी आली. तू चढलीस, तुझा बाबा चढला. कंट्रोलर कधी गाडीत चढतो का, बाय?"

नंतर घरापर्यंत कुणी काही विचारलं नाही.

हॅले परत येणार आहे २०६१ साली. जुलैच्या अखेरीस तो सूर्याच्या सगळ्यात जवळ असेल. म्हणजे रत्नागिरीत ऐन पावसाळा. मी ब्याऐंशी वर्षांचा असेन, निदान कागदोपत्री. कन्येला मी आत्ताच सांगून ठेवलं आहे. पाऊस असो, वारा असो, छत्री धरून मला सड्यावर न्यायचं. जिथे म्हणून पेपरात दिशा दिली असेल तिकडे बोट करायचं आणि विचारायचं, "दिसला का?"

मी म्हणेन, "दिसला." त्यावर जास्त चौकशी करायची नाही.